माडीवरची वळकटी

आमच्या घराला शांतता अशी कधी ठाऊकच नव्हती. लोहाऱ्यात एसटी स्टँडासमोरच्या ओळीत अप्पांचं किराणा दुकान होतं, दुकानामागं आम्ही राहायचो आणि वर एक लांबट माडी होती. डाव्या अंगाला पिठाची गिरणी. तिचा पट्टा फिरायला लागला की आमच्या फळीवरच्या पितळी वाट्या किणकिण वाजायच्या. उजव्या अंगाला जीपवाल्यांचा अड्डा, तिथं सकाळपासून “माकणी, माकणी! चला उमरगा!” असा ओरडा. अव्वा, म्हणजे माझी आई, ह्या सगळ्या आवाजात भाकरी थापायची. तिच्या थापेचा आवाज मात्र मला वेगळा ऐकू यायचा. ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, वर दही. सोमवारी गव्हाची गोड हुग्गी. अप्पा आणि अव्वा एकमेकांशी कानडी बोलायचे आणि आमच्याशी मराठी. घरात काही काळजीचं असलं की कानडी वाढायची, त्यावरून आम्हा भावंडांना कळायचं.

आम्ही दोघंच. थोरला मल्लिनाथ, त्याला मी अण्णा म्हणायची, आणि मी महानंदा. अण्णा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. इंजिनिअर झाला आणि हैदराबादेत नोकरीला लागला. उपग्रहानं वरून काढलेले फोटो ज्या ऑफिसात यायचे, तिथं त्याचं काम होतं. चांगली नोकरी होती. अप्पा दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायचे, “पोरगं आभाळातले फोटो बघतंय.” एकदा तो सुट्टीवर आला असताना अप्पांनी त्याला सातबाराच्या कामाला तहसिलीत धाडलं. तिथं एका कारकुनानं कॉम्प्युटरवर तालुक्याचा असाच एक फोटो उघडायला घेतला होता. फोटो काही उघडेना. कारकून चहा पिऊन आला, तंबाखू मळून झाली, तरी पडद्यावर वरची एक पट्टी तेवढी आलेली. “साहेब, लई जड हाय हे,” तो अण्णाला म्हणाला, “आमच्या यंत्राला झेपत न्हाय.” अण्णा घरी येऊन जेवला. हात धुता धुता म्हणाला, “फोटो आपल्या रानाचे आन् उघडायचे फकस्त हैदराबादेत. ह्याला काय अर्थ हाय?” दुसऱ्या वर्षी तो नोकरी सोडून परत आला.

अप्पा महिनाभर त्याच्याशी धड बोलले नाहीत. अव्वानं एवढंच विचारलं, “खायला नीट मिळत न्हवतं का रं तिथं?”

त्याच्या पाठोपाठ इक्बाल आला. इक्बाल शेख हा अण्णाचा पहिलीपासूनचा दोस्त, एसटी कंडक्टरचा मुलगा. तो हैदराबादला शिकला होता आणि गणितात अण्णापेक्षा कितीतरी पुढं होता. अण्णानं बोलावलं आणि तो ट्रंक घेऊन आला, तो थेट आमच्या माडीवर. अव्वाला तोही अव्वाच म्हणायचा. दोघांनी मिळून दोन कॉम्प्युटर आणले, बॅटऱ्या आणल्या, खिडकीला कापड लावलं. लाईट गेली की बॅटरीचं यंत्र टीं टीं करायचं आणि खालून अप्पा ओरडायचे, “ती घूस मारा आधी!” मोठा जड फोटो असा बारीक करायचा की डोळ्याला फरक कळू नये आणि साध्या यंत्रावर पटकन उघडावा, एवढंच त्यांचं काम होतं. सारख्या रंगाच्या शेजारशेजारच्या ठिपक्यांना एकत्र धरायचं, डोळ्याला ज्याची उणीव भासत नाही ते सोडून द्यायचं, आणि माणूस जेवढा भाग बघतो आहे तेवढाच उलगडून दाखवायचा. हे अव्वाला समजावून सांगताना अण्णाला घाम फुटला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “म्हंजे वळकटी की रं. गादी गुंडाळायची, आन् टेकायपुरती उलगडायची.” इक्बाल मांडीवर हात मारून हसला. “मल्ल्या, नाम मिल गया रे!” आणि खरंच, कंपनीची पाटी रंगवून आली तेव्हा तिच्यावर ‘वळकटी सॉफ्टवेअर, लोहारा’ असंच लिहिलेलं होतं. अप्पांना ते नाव शेवटपर्यंत आवडलं नाही. त्यांच्या मते कंपनीचं नाव देवाचं तरी असावं नाहीतर इंग्रजी तरी.

पहिला फोटो नीट उघडला तो माकणीचा. माकणी अव्वाचं माहेर. धरणाचं पाणी, त्याच्या कडेनं रानांचे तुकडे, गावातली घरं, सगळं एका दमात पडद्यावर आलं. इक्बाल जिन्यावरूनच ओरडला, “अव्वा, खुल गया! हात धुवा आन् या.” अव्वा पिठाच्या हातानंच आली. बराच वेळ तिला काही उमजेना. मग अण्णानं तिला रस्ता दाखवला, मारुतीचं देऊळ दाखवलं, आणि एकदम तिचं बोट पडद्याला टेकलं. “हे दादाचं रान. ही चिंच.” पडद्यावर पिठाचा ठसा उठला. इक्बाल तो पुसू देईना. त्या वर्षी येळामावसेला, रानात पूजा करून तिथंच जेवायच्या सणाला, आम्ही मामाच्या त्याच रानात जेवलो. भज्जी, उंडे, आंबील. इक्बाल आंबिलीची तिसरी वाटी घेऊन चिंचेखाली आडवा झाला आणि आभाळाकडं बघून म्हणाला, “ऊपर से कोई देख रहा होगा, तो मेरा पेट दिखेगा.” अप्पासुद्धा हसले. आमच्या घरातला तो सगळ्यात सुखाचा दिवस होता असं मला आज वाटतं. तेव्हा असे दिवस पुढं येतच राहणार, असं वाटलं होतं.

मी तेव्हा उमरग्याच्या कॉलेजला जीपनं जायची-यायची. दुपारी परत आले की माडीवर. सुरुवातीला चहा नेऊन द्यायची, मग अण्णानं मला एका कॉम्प्युटरपुढं बसवलं. एका बाजूला मूळ फोटो, दुसऱ्या बाजूला वळकटी केलेला. दोन्हींत काही फरक दिसतो का, ते बघायचं. मी वावरांच्या बांधांवरून, विहिरींवरून, ओढ्यांवरून नजर फिरवत तासन् तास बसायची. कुठं बांध तुटला, कुठं विहिरीचा गोल चपटा झाला, मी सांगायची आणि इक्बाल परत गणित मांडायला बसायचा. इक्बाल म्हणायचा, “नंदा हौ बोली तो हौ,” म्हणजे मी हो म्हटलं तरच हो. आमच्या नात्यातल्या कुठल्याच मुलीच्या शब्दावर कुठलंच काम अडलेलं मी पाहिलं नव्हतं. माझ्या शब्दावर अडत होतं. मला ते काम इतकं आवडायचं, की कॉलेजला सुट्टी लागली की आनंद व्हायचा. कॉलेज संपल्यावर मी पूर्ण वेळ माडीवरच बसायला लागले. मी मनात ठरवून टाकलं होतं, की हेच करायचं. कुणाला बोलले नव्हते. मुलीनं असं काही ठरवायचं असतं, हेच तेव्हा घरात कुणाला माहीत नव्हतं.

हळूहळू कामं यायला लागली. कुठं जंगलाचं ऑफिस, कुठं रस्त्याचं, कुठं पाण्याचं. पुण्याची, नागपूरची माणसं लोहाऱ्याच्या स्टँडवर उतरून ‘वळकटी’ कुठं म्हणून विचारायची आणि पानपट्टीवाला आमच्या माडीकडं बोट दाखवायचा. आलेल्या प्रत्येकाला अव्वा जेवू घालायची. मग आणखी तीन पोरं कामाला लागली आणि माडीत बसायला जागा पुरेना. ह्याच दिवसांत अण्णा आणि इक्बालचा एक वाद झाला, तो मला लख्ख आठवतो. वळकटी किती घट्ट करायची हे ठरवायला पडद्यावर एक पट्टी असायची, ती उजवीकडं सरकवली की फोटो आणखी लहान. इक्बालचं म्हणणं होतं, पट्टीचं उजवं टोक कुलूप लावून बंद करावं. एवढं घट्ट केल्यावर बारीक गोष्टी पुसल्या जातात. अण्णा म्हणाला, “वापरणारी माणसं शिकली-सवरलेली हायत. ज्याला जेवढी गरज तेवढी त्यानं सरकवावी. आपण सूचना लिहू.”

“सूचना कोण पढता रे मल्ल्या?” इक्बाल म्हणाला. “माणूस दाबतंय ‘ठीक आहे’ आन् पुढं जातंय.”

“मग ती त्याची मर्जी.”

शेवटी अण्णाचं झालं. सूचना लिहिली गेली, चांगली ठळक अक्षरांत. ती वाचून मीच दुरुस्त केली होती.

त्या पावसाळ्यात दूरच्या एका जिल्ह्यात धरणातून नदीला पाणी सोडलं गेलं आणि काठची एक धनगरवस्ती वाहून गेली. पेपरात बातमी आली, आम्हीही वाचली. अव्वा हळहळली आणि कामाला लागली. आम्ही त्या नदीचं नाव ओळखलं नव्हतं असं नाही. त्या खोऱ्याचे फोटो आमच्याकडूनच गेले होते. पण तो पेपर दुकानात पुड्या बांधायला गेला. चार-पाच दिवसांनी दुपारी फोन वाजला. तिकडच्या ऑफिसातला एक इंजिनिअर होता, भला माणूस असावा, त्यानं सगळं सांगितलं. पाणी सोडायच्या आधी काठच्या सगळ्या वस्त्यांवर भोंगा लावलेली जीप फिरवली होती. वस्त्यांच्या जागा फोटोवरून ठरवल्या होत्या. सगळं खोरं एकाच सीडीत मावावं आणि सगळ्या तालुक्यांना उघडता यावं, म्हणून कुणीतरी पट्टी अगदी टोकाला नेली होती. जीप सगळीकडं गेली. त्या वस्तीवर गेली नाही, कारण त्या फोटोत तिथं वस्तीच नव्हती.

अण्णानं फोन खाली ठेवला आणि मला म्हणाला, “नंदा, तो मूळ फोटो काढ.” मी काढला. नदीचं वळण मोठं करत गेले. वळणाच्या आत, काठाच्या वर, मातीच्या रंगाचेच पाच-सहा ठिपके होते आणि त्यांच्याभोवती काटेरी कुंपणाची एक पुसट गोल रेघ.

“खरं सांग. काय दिसलालंय तुला?”

“घरं हायत, अण्णा. आन् मेंढ्यांचा वाडा.”

त्यानं माझ्या हातातून माऊस घेतला आणि पट्टी हळूहळू उजवीकडं सरकवली. आधी कुंपणाची रेघ गेली. मग ठिपके मऊ झाले, मातीत मिसळले, आणि तिथं नुसतं सपाट तपकिरी रान उरलं. त्यानं पट्टी परत मागं आणली. घरं आली. पुन्हा पुढं नेली. घरं गेली. असं तो करतच राहिला. शेवटी इक्बालनं मागून येऊन त्याचा हात धरला. खाली गिरणी चालू होती. कुणीतरी अप्पांना शेंगदाण्याचा भाव विचारत होतं.

अण्णानं तिथं जायचं ठरवलं. इक्बाल म्हणाला, जाऊन काय करणार? अप्पा म्हणाले, आपलं त्यात काय, ते ऑफिस बघून घेईल. अव्वा मात्र धपाटे करायला बसली, आणि मला म्हणाली, “तू जा त्याच्यासंगं. एकटा सोडू नको.” शेवटी इक्बालही निघाला, आम्ही तिघं गेलो. दिवसभर एसटीचा प्रवास, मग टमटम, मग चिखलातून चालत. वाचलेल्या माणसांनी वरच्या अंगाला माळावर पालं टाकली होती. एका पालापुढं भिवराबाई नावाची म्हातारी बसली होती. तिचा मुलगा त्या रात्री मेंढरं घेऊन वरच्या माळावर होता म्हणून वाचला, ती त्याच्यासोबत होती म्हणून वाचली. खाली घरात सून होती, आणि सुनेचं लेकरू. नुकतंच पाऊल टाकायला लागलेलं.

तिला वाटलं आम्ही सरकारी माणसं. तिनं पोतं अंथरलं. अण्णा पोत्यावर बसला नाही, समोर मातीतच बसला आणि सांगायला लागला. आभाळातून फोटो काढतात, तो फोटो बारीक करायचं काम आमचं, तो फार बारीक झाला आणि त्यात तुमची वस्ती दिसेनाशी झाली. अव्वाला वळकटी समजावताना तो अडखळला होता त्याच्या दसपट अडखळत होता.  सगळं ऐकल्यावर म्हातारी म्हणाली,

“वरनं दिसलं न्हाय म्हंता.”

“व्हय, आज्जी.”

“मंग लेकरा, खालनं कुणी आलं न्हाय का बघाया? नदीकडंला दोन पिढ्या ऱ्हातोय आमी. धूर निघतोय चुलीचा. कुत्री भुंकत्यात.” ती चिडून बोलत नव्हती. तिला खरोखरच विचारायचं होतं. “एवढा वरनं बघितल्याला कागुद. एक माणूस न्हाय मिळाला व्हय चालत याया?”

 अण्णानं तिच्या पायावर डोकं ठेवलं. तिनं घाबरून पाय मागं घेतले आणि म्हणाली, “आसं नका करू, तुमी शिकल्याली माणसं.” मग तिनं मला जवळ बोलावलं आणि विचारलं, तुला लेकरं किती. माझं लग्न झालं नाही म्हटल्यावर तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. आम्ही नेलेले धपाटे तिनं तिथल्या लहान पोरांना वाटले. स्वतः खाल्ला नाही.

येताना एसटीत दोघांचं भांडण झालं. आवाज न चढवता झालं, त्यामुळं ते जास्त लागलं. इक्बाल म्हणत होता, “म्हातारी सच बोली. ऑफिसनं माणूस धाडायचा होता. आपण लिहिलं होतं ना, टोकाला नेऊ नका म्हणून? चूक आपली किती आन् त्यांची किती, हिसाब तो कर.” अण्णा म्हणाला, “म्या हिशोब करलालो न्हाय.” इक्बाल म्हणाला, “मग काय करलालास? बंद करणार? पुढं दुसरं कुणी ह्याच्यापेक्षा वाईट बनवील. आता कुलूप घालू, नीट करू, चालवू.” त्याचं म्हणणं चुकीचं होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. पण अण्णा खिडकीबाहेर बघत एवढंच बोलला, “तू चालव, इक्बाल. माझ्या हातून आता व्हायचं न्हाय.”  मी दोघांच्या मध्ये बसले होते.

दसऱ्याच्या आधीच माडी रिकामी झाली. अण्णानं सगळं इक्बालला देऊन टाकलं, यंत्रं, गणितं, नाव. हैदराबादला न्यायला एका जीपमध्ये ते मावलं. इक्बाल अव्वाच्या पाया पडला. तिनं त्याला कडक भाकऱ्यांचं गाठोडं दिलं आणि कानडीत काहीतरी बोलली. त्याला कानडी येत नव्हती, तरी त्यानं मान हलवली. अण्णाला मिठी मारायला तो पुढं झाला. अण्णानं मारूही दिली, पण त्याचे हात दोन्ही बाजूंना तसेच लोंबत राहिले. मला इक्बाल म्हणाला, “नंदा, हैदराबाद आई तो तेरे लिए कुर्सी है.” मी हसले. हैदराबादला एकटी कुठली जाते मी! त्यालाही ते माहीत होतं, तरी तो बोलला, ह्याचं मला बरं वाटलं.

आता मी पन्नाशी ओलांडली आहे. इक्बालनं हैदराबादेत पट्टीला कुलूप घालून वळकटी बरीच वर्षं चालवली, मग एका मोठ्या कंपनीनं ती घेतली आणि काही दिवसांनी बंद करून टाकली. त्यांना त्यांचंच चालवायचं होतं. आज माझा नातू मोबाईलवर बोट फिरवून सगळं जग उघडतो आणि त्यामागं काय काय गुंडाळून ठेवलेलं असतं, हे त्याला कळायची गरजही नाही. अण्णानं पुन्हा कॉम्प्युटरला हात लावला नाही. अप्पांच्या मागं त्यानं दुकान चालवलं. लग्न केलं नाही. दर पावसाळ्याच्या तोंडाला तो दोन दिवस कुठंतरी जाऊन यायचा. कुठं ते आम्ही विचारायचो नाही, आम्हाला कळत होतं. भिवराबाई गेल्यावरही जायचा. मागच्या थंडीत अण्णा वारला. आमच्यात माणूस गेला की जाळत नाहीत, बसवून माती देतात. तो खड्ड्यात बसवलेला असताना गर्दीतून पांढऱ्या दाढीचा एक माणूस पुढं आला, त्यानं दोन्ही हातांनी माती टाकली आणि तिथंच खाली बसला. इक्बालला मी आवाजावरून ओळखलं. तो “मल्ल्या” एवढंच म्हणत होता.

पण मला लिहायचं होतं ते त्या वर्षाचं. माडी रिकामी झाली आणि दिवाळीनंतर लगेच मला बघायला पाहुणे आले. मुलगा चांगला होता, शिक्षक होता, पुढं त्याच्याशीच माझा संसार झाला आणि त्यानं मला कधी दुखवलं नाही. अव्वानं माझे केस घट्ट विंचरले, मला तिची हिरवी साडी नेसवली. मी पोहे ठेवले आणि पाटावर बसले. अप्पा पाहुण्यांच्या शेजारी होते, अण्णा दाराला टेकून उभा होता. त्या प्रकारानंतर गावात कंपनीविषयी बरंवाईट बोललं जात होतं, ते पाहुण्यांच्या कानावर गेलं असेल का, ह्या धास्तीनं अप्पा सकाळपासून अव्वाशी कानडीतच बोलत होते. नाव, शिक्षण, स्वयंपाक, सगळं विचारून झालं. मग मुलाच्या मामांनी पोह्याची बशी खाली ठेवत सहज विचारलं, “कॉलेज संपून दोन वर्षं झाली म्हंता. मग मुलगी काय करती?”

मी मान वर केली. मला सांगावंसं वाटलं. दोन वाक्यांत सांगून झालं असतं.

अप्पा घाईनं म्हणाले, “काय न्हाय, काय न्हाय. घरीच असती.”

अण्णानं माझ्याकडं बघितलं. मग तो दारातून बाजूला झाला आणि दुकानात निघून गेला. मामांनी माझ्याकडं वळून हसत विचारलं, “व्हय का गं पोरी?”

“व्हय,” मी म्हणाले.